भाषा बदलली, हक्कही गेला?

ऑक्टोबर 2025 च्या उबुंटू 25.10 मध्ये फाइलींची यादी दाखवणं, तारीख सांगणं असली रोजची साधनं रस्ट भाषेत आली. सीमधली जीएनयूची साधनं मागच्या बाकावर गेली. कौतुक सुरक्षेचं, ते रास्तच. पण सोबत परवानाही बदलला: जीपीएलच्या जागी एमआयटी. जीपीएल म्हणतो, बदलून वाटलंत तर सोर्स कोडही द्या. एमआयटीत ती अट नाही.

दोष रस्टचा नाही. रस्ट घेऊनही लिनक्स कर्नल जीपीएलमध्येच आहे. उलट अँड्रॉइडमधलं टॉयबॉक्स सीमध्ये असूनही त्या अटीतून मोकळं आहे. म्हणजे सीताबर्डीत घेतलेल्या फोनच्या कर्नलचा कोड तुम्ही हक्कानं मागू शकता. टॉयबॉक्समध्ये कंपनीनं केलेले बदल नाही.

भाषा खुशाल बदला. हक्क का सोडला, तेवढं सांगा.