कंठ आणि मुख

के. आसिफ यांच्या ‘मुघल-ए-आझम’ (1960) या चित्रपटात मुख मधुबालाचे होते आणि कंठ लता मंगेशकरांचा. फिरोझ अब्बास खान यांनी 2016 साली मुंबईत एनसीपीएच्या रंगमंचावर ही कथा संगीतनाट्याच्या रूपात आणली, तेव्हा मात्र उसना कंठ नाकारला. अनारकलीसाठी त्यांनी प्रियांका बर्वे व नेहा सरगम या गाणाऱ्या अभिनेत्री निवडल्या. पुढे 2023 मध्ये हा प्रयोग अमेरिकेतही गेला. उर्दू न जाणणाऱ्या परदेशी प्रेक्षकाला शब्दांचा अर्थ कोणी सांगू शकेल. वेदना मात्र समोरच्या स्वरातूनच पोचावी लागते. म्हणून ही निवड आम्हांस सर्वस्वी योग्य वाटते.

मराठी रसिकाला यात नवल नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’पासून (1880) आपला नट स्वतःच गात आला, आमच्या नाशिकच्या वसंत कानेटकरांच्या ‘मत्स्यगंधा’नेही तीच वाट चालविली. प्रियांका या गायिका मालती पांडे-बर्वे यांच्या नात, हेही येथे आठवावे.

खंत एकच. भव्य देखाव्याने डोळे दिपले की गाणाऱ्याचे कष्ट झाकोळतात. आपली टाळी जुन्या आठवणीला पडते की समोरच्या जिवंत गळ्याला, हे प्रेक्षकाने स्वतःस विचारावे.