धावपट्टी नसलेला विमानतळ: सिम्युलेटरमधलं डक्सफर्ड

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? ठीक.

फ्लाइट सिम्युलेटर आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलाय, काहींनी त्यावर रात्री जागवल्यात. त्यात जुने लष्करी हवाई तळ उभे करणारी हौशी आणि व्यावसायिक मंडळी आहेत. काम जीव तोडून करतात, विटेचा रंगसुद्धा फोटो बघून ठरवतात. त्या मेहनतीबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती ‘हुबेहूब’ या शब्दाबद्दल.

उदाहरण घेऊ डक्सफर्डचं. इंग्लंडमधलं, केंब्रिजच्या दक्षिणेला. ऑगस्ट 1938 मध्ये रॉयल एअर फोर्सच्या 19 नंबरच्या स्क्वाड्रनला पहिलं स्पिटफायर मिळालं ते इथेच. 1940 च्या लढाईत हा महत्त्वाचा तळ होता. आज तिथे इम्पीरियल वॉर म्युझियम आहे. साहजिकच स्पिटफायर घेऊन डक्सफर्डहून उडायचा मोह प्रत्येकाला होतो.

आता बघा काय होतं. मायक्रोसॉफ्टच्या 2020 च्या सिम्युलेटरमधलं जग मुळात आजच्या उपग्रहचित्रांवर उभं आहे. म्हणजे तुम्हाला मिळते ती काँक्रीटची धावपट्टी 1951 ची. तिचं पूर्वेचं टोक पुढे एम-11 महामार्गासाठी कापलं गेलं, तेही तसंच कापलेलं. शेजारी 1997 साली उघडलेलं अमेरिकन एअर म्युझियम. उलट 1940 साली तिथे असलेलं पहिल्या महायुद्धाच्या काळातलं एक हँगर यात सापडणार नाही. ते 1968 साली उडवून दिलं. कशासाठी? ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ या चित्रपटातल्या बॉम्बहल्ल्याच्या दृश्यासाठी! 1940 दाखवायला म्हणून 1940 मधलीच वस्तू नष्ट केली. प्रतिकृती करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी.

तुम्ही म्हणाल, चार इमारती बदलल्या की झालं. नाही होत. कारण 1940 मध्ये डक्सफर्डला पक्की धावपट्टीच नव्हती. होतं ते एक मोठं गवताचं मैदान. आणि हा काही नुसता रंगाचा, हिरव्या-करड्याचा फरक नाही. स्पिटफायर मार्क वनचा कूलंटचा रेडिएटर उजव्या पंखाखाली असतो. जमिनीवर असताना चाकाचा पाय त्याच्या समोर येतो, हवा नीट लागत नाही, इंजिन भराभर तापतं. वर दोन चाकांमधलं अंतर कमी, त्यामुळे आडव्या वाऱ्यात विमान लटपटतं. गवताच्या मैदानात या दोन्हींवर उतारा होता. जिथे उभे आहात तिथून थोडंसं सरकायचं, वाऱ्याकडे तोंड करायचं आणि दोन-तीन विमानांनी शेजारी-शेजारी एकदमच निघायचं.

आता तेच विमान काँक्रीटच्या धावपट्टीवर आणा. टोकापर्यंत रांगेत सरपटत जा, थांबा, एकेक करून उडा. तापमानाचा काटा चढत जातो आणि वैमानिक म्हणतो, काय हे नाजूक विमान! विमान नाजूक नाही, तुम्ही त्याला चुकीच्या अंगणात आणून सोडलंय. विमान आणि तळ मिळून एक यंत्र होतं. त्यातला अर्धा भाग बदलला तर उरलेल्या अर्ध्याबद्दल तुमचं मत चुकीचंच होणार.

दुसरी गोष्ट माणसांची. मी पाहिलेल्या बहुतेक प्रतिकृतींमध्ये शांतता असते. सुंदर ऊन, रिकामं मैदान, एक विमान. पण स्पिटफायरच्या आठ बंदुकांना प्रत्येकी 300 गोळ्या, म्हणजे जेमतेम पंधरा सेकंदांचा मारा. मग परत यायचं. इंजिन बघणारा, सांगाडा बघणारा, बंदुका भरणारा, पेट्रोलवाला, सगळे धावत येणार. तळ म्हणजे ही धावपळ. सिम्युलेटरमध्ये यादीतून पर्याय निवडला की बंदुका भरतात. भरणारे हात दिसत नाहीत.

आणि ऑपरेशन्स रूम? डक्सफर्डची ती खोली संग्रहालयाने पुन्हा मांडून ठेवली आहे. मोठ्या टेबलावर नकाशा, भोवती महिला दलातल्या मुली लांब दांड्यांनी सोंगट्या सरकवतायत. भिंतीवरच्या घड्याळात दर पाच मिनिटांना रंग बदलतो, सोंगटीचा रंग त्यावरून, म्हणजे शिळी बातमी लगेच ओळखू येते. इतकं साधं, इतकं हुशार. वैमानिकाच्या कानात येणारा आवाज या खोलीतून यायचा.

हे लोक सुरक्षित होते असंही समजू नका. लंडनच्या दक्षिणेला बिगिन हिलचा तळ होता. 30 ऑगस्ट 1940 च्या हल्ल्यात तिथे 39 माणसं जमिनीवर मेली, त्यातली बरीच निवाऱ्याच्या खंदकात. त्या हल्ल्यांच्या दिवसांत हेलन टर्नर आणि एल्सपेथ हेंडरसन बॉम्ब पडत असताना टेलिफोनवरून उठल्या नाहीत. जोन मॉर्टिमरने न फुटलेल्या बॉम्बांजवळ लाल झेंडे रोवले. तिघींना मिलिटरी मेडल मिळालं. आपल्या खेळात मात्र तळ म्हणजे उड्डाणाआधीची दोन मिनिटं.

कोणी म्हणेल, अहो, हा खेळ आहे, आणि संगणकाला मर्यादा असतात. मान्य. शंभर माणसं चालवायला मी सांगत नाही. माझ्या मागण्या तीनच. एक, प्रतिकृतीवर तारीख लिहा. ‘डक्सफर्ड’ पुरेसं नाही, ‘डक्सफर्ड, सप्टेंबर 1940’ म्हणा, आणि मग त्या तारखेशी प्रामाणिक राहा. दोन, धावपट्टीच्या टोकावर नाही, मैदानाच्या कडेला विमान उभं असतं तिथून सुरुवात द्या. तीन, गोळ्या संपल्यावर परत आलेल्याला वाट बघायला लावा.

संग्रहालयात आपण दोरीच्या अलीकडून बघतो. सिम्युलेटर आपल्याला दोरीच्या पलीकडे नेऊ शकतो, हीच तर त्याची खरी ताकद. मग तिथे नेऊन रिकामं मैदान कशाला दाखवायचं? पुढची पिढी हा इतिहास पुस्तकाआधी पडद्यावर बघणार आहे. पडद्यावर जे नाही, ते घडलंच नाही असं तिला वाटणार. एवढंच माझं म्हणणं. आता प्रश्न घेऊ.