जसपाल भट्टी यांचा उपरोध : एक आकलन

दूरचित्रवाणीवरील विनोदाकडे समीक्षेने फारशा गांभीर्याने पाहिलेले नाही. घटकाभरची करमणूक म्हणून त्याची बोळवण केली जाते. जसपाल भट्टी (१९५५-२०१२) यांची कारकीर्द या समजुतीचा फेरविचार करावयास लावणारी आहे.

अमृतसर येथे जन्मलेल्या भट्टी यांनी चंदीगडच्या पंजाब अभियांत्रिकी महाविद्यालयातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. तेथेच 'नॉनसेन्स क्लब'च्या पथनाट्यांतून त्यांच्या विनोदाची जडणघडण झाली. पुढे 'द ट्रिब्यून' या दैनिकात ते व्यंगचित्रे काढीत. एका चौकटीत एकच विसंगती नेमकी पकडणे आणि नेपथ्याच्या आधाराविना ती उभी करणे, हे त्यांच्या शैलीचे दोन विशेष या दोन माध्यमांशी नाते सांगतात. दूरदर्शनवरील 'उल्टा पुल्टा' या छोटेखानी कार्यक्रमाने त्यांना देशभर ओळख दिली, तर १९८९ मधील 'फ्लॉप शो'ने त्यांचे स्थान निश्चित केले. पत्नी सविता भट्टी यांची निर्मिती असलेल्या या मालिकेचे अवघे दहा भाग झाले.

या मालिकेचे वेगळेपण समकालीन 'वागले की दुनिया' (१९८८) या मालिकेशी तुलना केली असता स्पष्ट होते. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेवर आधारलेल्या त्या मालिकेतील मुंबईकर वागले हा परिस्थितीने गांजलेला सज्जन आहे. त्याला पाहताना प्रेक्षकाला स्वतःविषयीच सहानुभूती वाटते. भट्टी यांच्या जगातील मध्यमवर्गीय माणूस मात्र गैरव्यवहाराचा बळी कमी आणि भागीदार अधिक असतो. खोटी वैद्यकीय बिले सादर करणारा कर्मचारी, संशोधक विद्यार्थ्याला घरकामाला जुंपणारा पीएच.डी.चा मार्गदर्शक, ही माणसे खलनायक नाहीत. आपण काही वावगे करीत आहोत असे त्यांना वाटतच नाही. ज्यांची टर उडवायची त्यांनाच प्रत्येक भाग उपरोधाने अर्पण केला जाई. त्यामुळे हसणाऱ्या प्रेक्षकाला त्या यादीत आपण कोठे बसतो, हे तपासणे भाग पडते.

शासकीय वाहिनीने असा उपरोध चालू दिला याचा अर्थ तो निरुपद्रवी होता, असा आक्षेप घेता येईल. हसून मोकळा झालेला प्रेक्षक पुन्हा त्याच व्यवहारात सामील होतो, हेही खरे आहे. मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांच्यावरील भाग आजही कोणत्याही खुलाशाविना समजतो, यातच त्या उपरोधाची मर्यादा दिसते. तथापि, गैरव्यवहार टिकतो तो मुख्यतः 'हे असेच चालते' या सर्वमान्यतेवर. त्या मान्यतेला हास्यास्पद ठरविणे हे उपरोधाचे कार्य आहे आणि ते भट्टी यांनी चोख बजावले. व्यवस्था सुधारण्याचे उत्तरदायित्व विनोदकारावर टाकून प्रेक्षकाला नामानिराळे राहता येणार नाही.

चित्रपटात हे सामर्थ्य पूर्णांशाने उतरले नाही. पंजाब पोलिसांवरील 'माहौल ठीक है' (१९९९) या स्वतः दिग्दर्शित केलेल्या पंजाबी चित्रपटात त्यांनी जुनी धार राखण्याचा प्रयत्न केला. हिंदी चित्रपटांनी मात्र त्यांना प्रामुख्याने गमतीदार सरदारजीच्या दुय्यम भूमिका दिल्या. 'फना' (२००६) मधील जॉली गुड सिंग हे त्याचे उदाहरण होय. निर्विकार चेहरा आणि संथ स्वर ही त्यांची साधने एखाद्या सामाजिक रूढीच्या विरोधात उभी केल्यावरच अर्थपूर्ण होत. ती रूढी वगळली की केवळ लकब उरते.

विजेच्या भारनियमनावरील 'पॉवर कट' या त्यांच्या चित्रपटाच्या प्रसिद्धीदौऱ्यात २५ ऑक्टोबर २०१२ रोजी जालंधर जिल्ह्यात रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. चित्रपट दुसऱ्याच दिवशी प्रदर्शित झाला. २०१३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मभूषण जाहीर झाले.

सारांश, भट्टी यांच्या कारकिर्दीचे मोल चित्रपटांच्या संख्येवरून ठरणारे नाही. सुशिक्षित वर्गाला आपल्या लहानसहान अप्रामाणिकपणाकडे पाहावयास लावणारे ते दहा भाग हेच तिचे खरे संचित होय. ते पाहताना अध्यापकवर्गाला हसू येते, आणि थोडे अवघडल्यासारखेही होते. या अवघडलेपणातच भट्टी यांच्या उपरोधाचे यश आहे.