सेर्व्हांतेस आणि बाहुलीनाट्य
स्पॅनिश कादंबरीकार मीगेल दे सेर्व्हांतेस (१५४७–१६१६) याच्या *डॉन क्विक्झोट* च्या दुसऱ्या भागात (१६१५) कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाचा प्रसंग आहे. मेलिसेंद्राच्या सुटकेचा तो खेळ खरा मानून क्विक्झोट बाहुल्या छाटतो व शुद्धीवर आल्यावर भरपाई देतो. मान्वेल दे फाल्या याने त्यावर एकांकी संगीतिका रचली (१९२३). पॅरिसमधील प्रयोगात क्विक्झोटही बाहुलीरूपात आल्याने मूळचा उपरोध दुणावला. क्रूथ देल्गादो याच्या ३९ भागांच्या व्यंगपटमालेने (१९७९ पासून) ही कथा दूरचित्रवाणीवरून मुलांपर्यंत नेली. मात्र अशा रूपांतरांत भरपाई गाळली, तर केवळ फजितीचा विनोद उरतो. भ्रमाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, हे मर्म हरवते.