समुपदेशकाची खुर्ची आणि समोरचा माणूस

‘समुपदेशन’ हा शब्द आपल्याकडे आता चांगलाच रुळला आहे. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतो, रुग्णालयात असतो, महाविद्यालयातही असतो. पण या शब्दाची फोड केली की आत ‘उपदेश’ बसलेला दिसतो. उपदेश कोणी करायचा आणि कोणी मान खाली घालून ऐकायचा, ही वाटणी या देशात शतकानुशतके जन्मानेच ठरलेली होती. ज्यांना उपदेश ऐकण्याचाही अधिकार नव्हता, त्यांच्या वाट्याला नुसती आज्ञा आली. म्हणूनच दलित माणूस आपले दुःख घेऊन समुपदेशकापुढे बसतो तेव्हा त्या खोलीत दोघेच नसतात. समुपदेशकाची जात, त्याचा वर्ग, त्याच्या श्रद्धा आणि स्वतःच्या चांगुलपणाविषयीची त्याची खात्री, ही सगळी मंडळी आधीच येऊन बसलेली असतात. तंत्र मागाहून येते.

हे केवळ आमचे म्हणणे नव्हे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1957 साली उपचार फलदायी होण्याच्या अटी मांडल्या. त्यांत समुपदेशकाच्या वृत्तीसंबंधी तीन अटी होत्या: त्याने आतबाहेर एक असावे, समोरच्याचा विनाअट आदर करावा आणि त्याचे जग त्याच्या जागेवरून समजून घ्यावे. पदवीपेक्षा आणि तंत्रापेक्षा त्यांनी माणसाला महत्त्व दिले, हे त्यांचे मोठेपण. परंतु प्रश्न असा आहे की, ज्या समाजात आदरालाच जातीची अट आहे, त्या समाजात वाढलेला समुपदेशक विनाअट आदर आणणार कोठून? तो म्हणतो, “मला जात दिसत नाही.” ज्याला जात सोसावी लागत नाही, त्यालाच ती न दिसण्याची चैन परवडते. समोरच्याला मात्र ती नळावर, वर्गात, भाड्याची खोली शोधताना रोज दिसते. मग त्याने आपले दुःख सांगायचे तरी कोणत्या भाषेत?

मराठी साहित्यात याचे एक ठळक उदाहरण आहे. विजय तेंडुलकरांचे ‘कन्यादान’ हे नाटक 1983 मध्ये रंगभूमीवर आले. त्यातील अरुण आठवले या दलित कवीच्या चित्रणावर आपल्याकडे पुष्कळ वाद झाला, आणि तो रास्तच होता. पण या नाटकाकडे सल्ल्याचे नाटक म्हणूनही पाहिले पाहिजे. नाथ देवळालीकर हा समाजवादी नेता. मुलगी ज्योती अरुणशी लग्न करण्याचा विचार सांगते तेव्हा तो तिचे म्हणणे ऐकून घेण्याआधीच भारावून जातो. आपले घर आता खऱ्या अर्थाने जातिविहीन होणार, हा आनंद त्याचा आहे. तो सल्ला ज्योतीला देतो, पण त्यातून भूक भागते ती त्याच्या स्वतःच्या आदर्शांची. सेवा साशंक आहे. तिच्या सावधपणात आईची काळजी आहे आणि पांढरपेशा घराचा दचकाही आहे. दोन्ही एकमेकांत इतके मिसळले आहेत की तिचे तिलाही वेगळे करता येत नाहीत. आणि अरुण? तो आपल्या पिढ्यांची अवहेलना बोलून दाखवतो, पण ती ऐकून कोणी घेत नाही. नाथ भारावतो, सेवा दचकते. अरुणच्या वेदनेला या घरात ‘प्रयोग’ किंवा ‘धोका’ यांपैकी एकच नाव मिळू शकते. पुढे अरुण ज्योतीला मारतो. त्या मारहाणीचे समर्थन कोणतीही वेदना करू शकत नाही, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. परंतु ज्योती शेवटी बापालाच जाब विचारते, त्याचे मर्म हेच की त्याने तिला स्वतःची श्रद्धा दिली आणि तिला तो सल्ला म्हणाला. तेंडुलकरांनी नाथचे कोसळणे बारकाईने रेखाटले. अरुणला ऐकणारा माणूस मात्र त्यांनी नाटकात आणलाच नाही. ही त्या नाटकाची मर्यादा आहे, आणि आपल्या बहुतेक समुपदेशनाचीही तीच आहे.

रंगमंचावर पडदा पडतो; गावात तो पडत नाही. म्हणून हा मुद्दा एखाद्या गावात नेऊन तपासला पाहिजे. रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नागाव आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, समुद्र आणि सुट्टीच्या दिवशी मुंबई-पुण्याची गर्दी, अशी त्याची ओळख. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले आणि या पट्ट्यातील वाड्या आडव्या झाल्या. वाडीमालकाचे दुःख खरेच होते. पोफळीची बाग पुन्हा उभी राहायला वर्षे लागतात. पण दुसऱ्याच्या वाडीत मजुरी करणाऱ्या एखाद्या बाईची कल्पना करा. सातबारावर तिचे नाव नाही, म्हणून पडलेल्या झाडांच्या हिशेबात ती नाही. तिचा रोज मात्र त्या झाडांबरोबरच बुडाला. तिला झोप लागत नाही, छाती धडधडते. समोर बसलेला समुपदेशक वाड्यांच्या घरात पाहुणा म्हणून उतरणाऱ्या वर्गातला असेल, तर ‘नुकसान’ म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे झाड येईल, रोज येणार नाही. तो तिला दीर्घ श्वास घ्यायला शिकवील. श्वास घेणे वाईट नाही. पण ती ज्याला भिते ते उद्याचे उधारीचे दुकान त्याच्या प्रश्नांत कोठेच नसते. त्यातून तो पूर्वकर्मावर विश्वास ठेवणारा असेल तर काम आणखीच सोपे: तिचे दुःख तिच्याच माथी मारता येते. बाबासाहेबांनी ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला, त्याचे व्यावहारिक मोल अशा वेळी कळते.

हीच बाई उद्या नवऱ्याच्या माराची तक्रार घेऊन अलिबागला गेली तर? कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा न्यायालयाला समुपदेशनाचा आदेश देण्याची मुभा देतो. त्याखालचे 2006 चे नियम मुळातून वाचावेत असे आहेत. वादाशी हितसंबंध असलेला किंवा पक्षकारांचा नातेवाईक समुपदेशक होऊ शकत नाही. शक्यतो समुपदेशक स्त्रीच असावी. नवऱ्याने केलेल्या हिंसेचे समर्थन समुपदेशनात चालणार नाही. म्हणजे खुर्चीवर कोण बसले आहे याने फरक पडतो, हे कायद्यानेच मान्य केले. नाते मान्य केले, लिंग मान्य केले. जातीपाशी येऊन मात्र तो गप्प झाला. “तुमच्यात हे चालतेच” असे मनात धरून बसलेली स्त्री समुपदेशक त्या बाईला दोनदा एकटी पाडते, एकदा बाई म्हणून आणि एकदा दलित म्हणून.

शिक्षणसंस्थांतही हेच आहे. डॉ. पायल तडवी यांचा 2019 मध्ये मुंबईत मृत्यू झाला आणि जातीवरून छळ झाल्याची त्यांच्या आईची तक्रार न्यायालयात गेली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये, शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, आणि वंचित समूहांतील विद्यार्थ्यांशी संवेदनशीलतेने वागण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावे, असे निर्देश दिले. पद भरले जाईल. पण राखीव जागेवर आलेला विद्यार्थी ‘कमी गुणवत्तेचा’ असे मनोमन मानणारा माणूस त्या पदावर बसला, तर तो मुलाच्या भीतीला ‘न्यूनगंड’ म्हणेल आणि ज्या वर्गात ती भीती तयार होते तो वर्ग जसाच्या तसा सोडून देईल.

मग दलितांसाठी दलित समुपदेशक नेमले की प्रश्न सुटला काय? असे समुपदेशक हवेतच, आणि पुष्कळ हवेत. पण एवढ्याने भागत नाही. शिकून वर आलेला आपलाच माणूस खुर्चीवर बसला की “मी झालो, तू का होत नाहीस?” असे विचारू लागतो. वस्तीत सल्ला देणारे आपले कार्यकर्ते आणि शिक्षक यांनीही स्वतःला तपासले पाहिजे. चळवळीतल्या माणसाने बायकोला मारले की “समाजाची बदनामी होईल” म्हणून तिलाच समजावण्यात येते. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमचं’ आणि उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ यांनी घरातले दुःख दडवले नाही. जे त्यांनी लिहिण्याचे धैर्य केले, ते ऐकण्याचे धैर्य तरी आपण करायला हवे.

उपदेशकाला आपल्या परंपरेत पर्याय आहे. पाली वाङ्मयात त्याला कल्याणमित्र म्हटले आहे. आनंदाने कल्याणमित्रतेला श्रेष्ठ जीवनाचा अर्धा भाग म्हटले, तेव्हा बुद्धाने ती अर्धा नव्हे, संपूर्ण भाग आहे असे सांगितले. मित्र उंचावर बसत नाही. पटाचारेची कथा सर्वांना ठाऊक आहे. नवरा, मुले, आईबाप, सगळे गमावून ती विवस्त्र, भ्रमिष्ट फिरत होती. लोक तिला अडवीत होते. बुद्धाने तिला येऊ दिले, बहीण म्हणून हाक मारली. एकाने अंगावरचे वस्त्र तिच्याकडे टाकले. शिकवण त्यानंतर आली. हा क्रम महत्त्वाचा आहे: अगोदर अडवणारे बाजूला झाले, मग नाते, मग वस्त्र, आणि सर्वांत शेवटी शब्द. हीच पटाचारा पुढे दुःखी स्त्रियांना धीर देणारी थेरी झाली.

समुपदेशकांच्या प्रशिक्षणात आज काय शिकवतात, हे आपण विचारले पाहिजे. ऐकण्याचे तंत्र शिकवत असतील. पण स्वतःची जात, स्वतःची जमीन, स्वतःच्या घरातील मौन यांचा हिशेब मांडायला शिकवतात काय? तो हिशेब मांडलेला नसेल, तर नागावची ती बाई त्याच्यासमोर बसेल, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देईल, आणि जे सांगायला आली होती ते न सांगताच शेवटची एस.टी. गाठायला उठेल.