बारा सूत्रे आणि रसायनीचे अ‍ॅनिलीन

पनवेलहून पेणकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ‘रसायनी’ नावाचे स्थानक लागते. केंद्र सरकारने १९६० साली स्थापन केलेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या कंपनीचा कारखाना याच भागात उभा राहिला. रंग, औषधे आणि रबर यांच्या उद्योगांना लागणारी नायट्रोबेंझीन, अ‍ॅनिलीन यांसारखी रसायने तेथे तयार होत असत. २०१७ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने येथील उत्पादन बंद करण्याचा निर्णय घेतला. अग्निबाणातील इंधन जाळण्यासाठी लागणाऱ्या डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडचा विभाग तेवढा इस्रोकडे सोपवायचे ठरले.

हे सांगण्याचे कारण असे, की रसायनशास्त्रातील नव्या दिशांविषयी लिहिताना आपण बहुधा नोबेल पारितोषिकांची यादी देतो. यादी खरी असते, पण या संशोधनांना जोडणारा धागा तिच्यातून विद्यार्थ्याच्या हाती लागत नाही. तो धागा ज्या छोटेखानी पुस्तकात सापडतो, ते म्हणजे पॉल अ‍ॅनास्टस आणि जॉन वॉर्नर यांचे १९९८ साली प्रसिद्ध झालेले ‘ग्रीन केमिस्ट्री : थिअरी अँड प्रॅक्टिस’. त्यातील बारा सूत्रे आज जगभर शिकवली जातात. ती नुसती पाठ करण्याऐवजी रसायनीत बनणाऱ्या अ‍ॅनिलीनवर लावून पाहू.

पुस्तकाचा मूळ विचार साधा आहे. सांडपाणी तयार झाल्यावर त्यावर प्रक्रिया करण्यापेक्षा ते तयारच होणार नाही अशी अभिक्रिया निवडावी. घातक पदार्थ जपून हाताळण्यापेक्षा तो लागणारच नाही असा मार्ग शोधावा. १९८४ साली भोपाळमध्ये जे घडले, त्यानंतर या दुसऱ्या मुद्द्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. बारांपैकी दुसरे सूत्र अणूंच्या काटकसरीचे आहे. ही कल्पना अमेरिकेतील बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ साली मांडली. अभिक्रियेत घातलेल्या सर्व पदार्थांच्या वस्तुमानापैकी किती भाग आपल्याला हव्या त्या पदार्थात उतरला, एवढेच ती विचारते.

आता उदाहरण घेऊ. नायट्रोबेंझीनपासून अ‍ॅनिलीन करण्याचे दोन मार्ग आपण शिकवतो. जुन्या मार्गात लोखंडाचा कीस आणि थोडे आम्ल वापरतात. त्याचे समीकरण असे :

४ नायट्रोबेंझीन + ९ लोह + ४ पाणी → ४ अ‍ॅनिलीन + ३ लोहाचे काळे ऑक्साइड

डाव्या बाजूची वस्तुमाने ४९२, ५०४ आणि ७२, बेरीज १०६८. उजवीकडे अ‍ॅनिलीन ३७२ आणि ऑक्साइड ६९६. म्हणजे अणूंची काटकसर अवघी ३५ टक्के. एक किलो अ‍ॅनिलीनमागे सुमारे १.९ किलो ऑक्साइडचा गाळ उरतो. दुसऱ्या मार्गात उत्प्रेरकाच्या साहाय्याने हायड्रोजन वापरतात. एका नायट्रोबेंझीनला तीन हायड्रोजन रेणू मिळून एक अ‍ॅनिलीन आणि दोन पाण्याचे रेणू तयार होतात. येथे १२९ पैकी ९३, म्हणजे ७२ टक्के वस्तुमान कामी येते आणि उरते ते पाणी.

परीक्षेत मात्र या दोन्ही उत्तरांना सारखेच गुण मिळतात! उत्पादन शंभर टक्के आले असे धरले, तर दोन्ही मार्ग सारखेच उत्तम ठरतात. समीकरणाच्या उजव्या बाजूला उरलेल्या पदार्थाचे काय झाले, हे आपण विचारतच नाही. तो प्रश्न विचारायला शिकवणे हे या पुस्तकाचे मोठे श्रेय आहे.

पण येथेच थांबलो तर पुस्तकाची भलामण होईल, परीक्षण नव्हे. दुसऱ्या मार्गात उरलेले पाणी शुद्ध नसते. एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम अ‍ॅनिलीन विरघळू शकते आणि अ‍ॅनिलीन विषारी आहे. वस्तुमानाच्या हिशेबाला हे विष दिसत नाही. उलट, पहिल्या मार्गातील गाळ दर वेळी टाकाऊच असतो असेही नाही. जर्मनीत १९२० च्या दशकात ही अभिक्रिया अशी बदलण्यात आली, की निघणारे लोहाचे ऑक्साइड रंगद्रव्य म्हणून विकता येऊ लागले. तेव्हा ३५ टक्के हा आकडा एकट्याने फारसे सांगत नाही. शिवाय दोन्ही मार्गांची सुरुवात बेंझीनपासून होते. ते कर्करोगकारक आहे आणि खनिज तेलातून येते. हायड्रोजनही बहुतांशी नैसर्गिक वायू किंवा नाफ्थ्यापासून मिळवतात. एक सूत्र पाळताना दुसरे मोडले, तर कोणते वजनदार मानायचे? बारा सूत्रे यावर काही सांगत नाहीत. हे त्यांचे पहिले न्यून.

अलीकडच्या पारितोषिकांकडेही याच नजरेने पाहावे. सेंद्रिय रेणूंचा उत्प्रेरक म्हणून वापर करण्यासाठी बेंजामिन लिस्ट आणि डेव्हिड मॅकमिलन यांना २०२१ चे नोबेल मिळाले. महागडे किंवा विषारी धातू टाळता येणे हा मोठाच लाभ. पण लिस्ट यांच्या २००० सालच्या मूळ प्रयोगात अभिक्रियाकारकाच्या दर शंभर रेणूंमागे प्रोलीनचे तीस रेणू लागत होते. प्रयोगशाळेत हे चालते, कारखान्यात खर्च आणि शुद्धीकरण दोन्ही वाढतात. फ्रान्सेस अर्नोल्ड यांना विकरांच्या नियंत्रित उत्क्रांतीसाठी २०१८ चे नोबेल मिळाले. विकरे पाण्यात आणि साध्या तापमानाला काम करतात. त्यांना हवे तसे घडवता येणे ही बारा सूत्रांच्या दृष्टीने फार आश्वासक दिशा आहे. तरीही त्या पाण्याचा हिशेब मांडावाच लागतो.

दुसरे न्यून अधिक गंभीर आहे. पुस्तक बोलते ते अभिक्रिया आखणाऱ्या रसायनतज्ज्ञाशी. पनवेल तालुक्यातल्या तळोजा औद्योगिक वसाहतीत, कासाडी नदीच्या काठी राहणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळी झालेली भटकी कुत्री दिसली आणि देशभर बातमी झाली. रंगाचे सांडपाणी नदीत सोडू नये, हे कळायला नव्या संशोधनाची गरज नव्हती. तेथे प्रश्न होता तो नियम पाळण्याचा आणि पाळायला लावण्याचा. चांगली अभिक्रिया उपलब्ध असूनही जुनी स्वस्त पडत असेल, तर कारखानदाराने ती का बदलावी, याचे उत्तर रसायनशास्त्राबाहेर, कायद्यात आणि अर्थशास्त्रात शोधावे लागते.

तरीही हे पुस्तक शिक्षकांनी वाचावे, असेच मी म्हणेन. आपल्या वर्गातील काही मुले उद्या तळोजा, पाताळगंगा किंवा रोह्याच्या कारखान्यांत काम करतील, काही त्याच नद्यांच्या काठी शेती करतील. दोघांनाही हा हिशेब यायला हवा. त्यासाठी महागडी साधने नकोत. पाठ्यपुस्तकातील कोणतीही पाच समीकरणे घ्या. विद्यार्थ्यांना प्रत्येकातील अणूंची काटकसर काढायला सांगा. मग तीन प्रश्न विचारा : उरलेला पदार्थ कोणता, तो घातक आहे का, आणि समीकरणात न दिसणारे द्रावक व धुण्याचे पाणी किती लागले असेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात सापडणार नाही. त्यासाठी एखाद्या कारखान्यात काम करणाऱ्या पालकांना वर्गात बोलवावे लागेल. ते जरूर बोलवावे.