गाडीचा जीर्णोद्धार : एक समीक्षा

पुस्तकांवर समीक्षा लिहिणारे पुष्कळ आहेत. नाटकांवर लिहिणारे त्याहून जास्त, कारण त्यांना पास मिळतो. पण घरच्या अंगणात, आंब्याच्या झाडाखाली, रविवारचा रविवार खर्ची घालून एखादा गृहस्थ जुनी मोटार पुन्हा उभी करतो, त्या कलाकृतीकडे कोणी समीक्षक फिरकत नाही. ही उणीव आता मी भरून काढणार आहे. माझी पात्रता विचाराल तर मी बी.कॉम. आहे, बँकेत कारकून आहे आणि माझ्याकडे गाडी नाही. समीक्षकाला आणखी काय लागतं? ज्यांनी कधी कविता केली नाही, त्यांनीच आजवर कवींना वळण लावलेलं आहे.

विषय आहे क्लासिक स्पोर्ट्‌स कार. वाचक म्हणतील, पालघर-बोईसरकडे स्पोर्ट्‌स कार कुठली? बरोबर आहे. परवान्यांच्या राज्यात आपल्या वाट्याला मुख्यतः तीन गाड्या आल्या : अॅम्बॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड हेराल्ड. पहिली आजोबांसारखी, दुसरी वडिलांसारखी आणि तिसरी कॉलेजात जाणाऱ्या मामासारखी. या मामाचं घराणंही तसंच होतं. इंग्लंडात १९५९ साली ट्रायम्फ हेराल्ड आली. तिचा आकार काढला इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी. १९६१ पासून ती मद्रासला स्टँडर्ड म्हणून बनू लागली. त्याच हेराल्डच्या सांगाड्याला आखूड करून १९६२ साली विलायतेत स्पिटफायर नावाची खरीखुरी स्पोर्ट्‌स कार निघाली. म्हणजे आपली हेराल्ड ही स्पोर्ट्‌स कारची सख्खी थोरली बहीण. मध्यमवर्गाने एवढ्या नात्यावर समाधान मानायला हरकत नाही. आम्ही मामेबहिणीच्या दिराची ओळखसुद्धा बँकेत कर्जासाठी वापरलेली पाहिली आहे.

या गाडीची एक खुबी घरगुती कारागिराला फार सोयीची आहे. विलायतेत स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी पुरवणारा कारखाना १९५३ साली प्रतिस्पर्ध्याने विकत घेतला. त्यामुळे हेराल्ड काढताना अखंड बॉडी करून देणारं कोणी हाताशी नव्हतं. मग कंपनीने खाली वेगळा सांगाडा ठेवला आणि वरची बॉडी तुकड्या-तुकड्यांत करून बोल्टांनी जोडली. छतसुद्धा बोल्टांवर! बॉनेट तर मडगार्डांसकट पुढे कलंडतं आणि माणूस चाकावर बसून इंजिनाशी गप्पा मारू शकतो. एका कंपनीची अडचण साठ वर्षांनी पालघरच्या माणसाची करमणूक झाली.

आता प्रत्यक्ष कलाकृती. पहिली पालघरची. तिचे कर्ते निवृत्त मराठी शिक्षक. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. दुसरी बोईसरची. तिचे कर्ते तारापूर एमआयडीसीत लेथचं वर्कशॉप चालवतात. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. दोन्ही गाड्या दोन दारांच्या आणि एकाच मॉडेलच्या. पण शेजारी शेजारी उभ्या केल्या तर एकमेकींशी बोलणार नाहीत.

मास्तरांचा पंथ शुद्धलेखनाचा. कंपनीने दिलं तेवढंच खरं. हेराल्डचे बोल्ट इंची आट्यांचे, म्हणून त्यांनी इंची पान्यांचा अख्खा संच जमवला. मिलिमीटरचा पाना गाडीजवळ नेला तर ते ऱ्हस्व-दीर्घ चुकल्यासारखे दचकतात. रंग मूळचा, हबकॅप मूळच्या, हॉर्नचा आवाजही मूळचा (म्हणजे सर्दी झालेल्या बदकाचा). मी एकदा विचारलं, "मास्तर, गाडी चालवता कधी?"

"चालवायची? अहो, झीज होईल!"

भाऊंचा पंथ बोलीभाषेचा. जे चालतं ते शुद्ध. खारी हवा आणि कारखान्यांचा वारा यांनी पत्र्याची जाळी झाली होती, ती त्यांनी कापली आणि नवा पत्रा घातला. बुश लेथवर काढले. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवला, कारण संध्याकाळी दिवे लावले की गाडी आजारी माणसासारखी मंद होई. इंजिन मारुतीचं घातलं. आणि छत? छत काढूनच टाकलं. आता ते चिंचणीच्या किनाऱ्यावर उघड्या गाडीतून वारा खात जातात. वहिनी मागे बसतात, डोक्याला स्कार्फ बांधून, डोळे मिटून. हा आनंद की भीती, हे मला अद्याप ठरवता आलेलं नाही.

इथे सामान्य समीक्षक निकाल देऊन मोकळा होईल : मास्तर अभिजात, भाऊ बंडखोर. पण मी लेजरवर वाढलेला माणूस आहे. आमच्याकडे एक जुना नियम होता. आकडा चुकला तर त्यावर एक सरळ रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. मूळ आकडा वाचता आला पाहिजे. ब्लेडने खरवडायचं नाही, आणि एकावर एक गिरवायचं तर मुळीच नाही. बदल हा गुन्हा नव्हता. बदलाची खूण पुसणं हा गुन्हा होता. गाड्यांच्या जीर्णोद्धाराला यापेक्षा चांगली कसोटी मला दिसत नाही.

ही कसोटी लावून पाहा. भाऊंचं छत म्हणजे सर्वांत मोठा अपराध वाटतो. पण त्यांनी ते बोल्ट खोलून उतरवलं आणि वर्कशॉपच्या आढ्याला टांगून ठेवलं आहे. बोल्ट डब्यात आहेत, डब्यावर चिठ्ठी आहे. जुना डायनॅमोही तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवला आहे. उद्या नातवाला वाटलं तर एका रविवारात गाडी पुन्हा डोकं झाकून बसेल. ही झाली रेघ मारून, सही करून केलेली दुरुस्ती. पण मारुतीचं इंजिन मावत नव्हतं म्हणून त्यांनी इंजिन आणि बैठकीमधला पत्रा गॅस कटरने कापला, तो मात्र ब्लेडचा प्रकार. तिथे मी गुण कापतो.

आणि मास्तर? या गाडीच्या डॅशबोर्डवर आधीच्या मालकाने दोन स्क्रूंनी पितळेचा छोटा गणपती बसवला होता. बोटं लागून लागून त्याचं पोट गुळगुळीत झालं होतं. मास्तरांनी तो काढला, कारण कंपनीने तो दिला नव्हता. भोकं लांबी भरून बुजवली आणि वर असा रंग दिला की कोणाला शंका येऊ नये. जुनी सीट-कव्हरं भंगारात दिली आणि हुबेहूब जुनी दिसणारी नवी शिवून आणली. आपल्याकडे काळ्या दगडाच्या देवळाला ऑइलपेंट फासतात, त्याला आपण हसतो. हा त्याच हाताचा उद्योग आहे, फक्त रंगाची निवड चांगली आहे. पन्नास-साठ वर्षं माणसं त्या गाडीत बसली, दवाखान्यात गेली, लग्नाला गेली, तो सगळा हिशेब मास्तरांनी पहिल्या पानासाठी फाडून टाकला.

शिवाय न चालवलेली गाडी झिजत नाही, हा भ्रम आहे. उभ्या गाडीचं पेट्रोल चिकट होतं, रबर कडक होतं, ब्रेकचे सिलिंडर जाम होतात. मुदत ठेवीत निदान व्याज तरी मिळतं.

सरकारची समीक्षा आणखी निराळी आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली गाडी व्हिंटेज. (मला अजून काही वर्षं आहेत.) तिला 'व्हीए' अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नोंदणीची मुदत दहा वर्षं. पण गाडी मूळ रूपात हवी. सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठी उलथापालथ झालेली नको. आणि असा क्रमांक मिळाला की रोजच्या वापराला ती रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, इतपतच. भाऊंच्या मार्गात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं : नोंदणीपुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल नको. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली तेच बजावलं. थोडक्यात, मास्तरांच्या गाडीला मान आहे पण बाजारात जायची सोय नाही, आणि भाऊंची गाडी बाजारात जाते पण पोलीस दिसला की वहिनी दुसऱ्यांदा डोळे मिटतात. रोजची, थोडी बदललेली, बदल लिहून ठेवलेली आणि बदल परत फिरवता येणारी गाडी कायद्याच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. माझ्या मते खरी जुनी गाडी तीच.

पैशाचं बोलायचं तर तेही बोलतो. दरवर्षी पंधरा टक्के घसारा काढला तर लाखाच्या गाडीचे पन्नास वर्षांनी तीस रुपयेही उरत नाहीत. या तीस रुपयांवर दोघांनी काही लाख घातले आहेत. कोणतीही बँक यावर कर्ज देणार नाही आणि देऊही नये. पण घसारा वस्तूचा निघतो, सवयीचा निघत नाही. हेराल्डचं इंजिन नुसत्या कानाने ओळखणारे मिस्त्री आता म्हातारे झाले आहेत. त्यांच्या हातातलं ज्ञान मास्तरांच्या पान्यांत आणि भाऊंच्या लेथवर थोडं तरी उतरतं आहे. या जमेच्या बाजूला आमच्या लेजरमध्ये खातं नाही.

तेव्हा समीक्षकाची शिफारस एवढीच. भाऊंनी यापुढे गॅस कटर लांब ठेवावा. मास्तरांनी महिन्यातून दोनदा केळव्यापर्यंत गाडी न्यावी आणि तो गणपती कुठल्या खणात पडला असेल तर शोधून परत बसवावा. आणि दोघांनी एक दोनशेपानी वही घालावी : काय बदललं, कधी बदललं, जुना भाग कुठे ठेवला. खाली तारीख आणि सही. सही वाचता येईल अशी करावी. ती अपेक्षा आम्ही फक्त मॅनेजरकडून ठेवत नाही.